निकेल-कोबाल्ट पावडर आतून पोकळ का होतेय? पीक सरकणं, मॅग्नेटायझेशन पडणं आणि दर पावसाळ्यात येणारा तोच प्रॉब्लेम

सांगलीतल्या आमच्या लॅबमध्ये आणि आसपासच्या कॉलेजांत नॅनोपार्टिकलवर काम करणारी जी पोरं-पोरी आहेत त्यांच्याकडून दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये एकच तक्रार येते, त्यामुळे म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू. तक्रार अशी: पॉलिऑल पद्धतीने (धातूचे क्षार ग्लायकॉलसारख्या द्रवात तापवून) निकेल-कोबाल्टची पावडर केली, एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघायची चाचणी) मस्त एफसीसीचे (अणूंची घनाकार मांडणी) पीक आले, ऑक्साइडचं नाव नाही, ईडीएस (कुठलं मूलद्रव्य किती ते सांगणारी चाचणी) म्हणतंय निम्मं निकेल निम्मं कोबाल्ट, सगळं झक्कास. मग सॅम्पल टीईएमला (कणाच्या आतलं दाखवणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) बाहेर पाठवलं, नंबर लागून इमेज यायला बराच वेळ गेला आणि इमेज आली तर कण आतून पोकळ, नाहीतर गाभा वेगळा आणि कवच वेगळं. व्हीएसएमचा (मॅग्नेटायझेशन मोजणारं मशीन) आकडा पण पडलेला. मग सगळ्यात पहिला संशय सिंथेसिसवर, म्हणजे पावडर बनवण्याच्या रेसिपीवर जातो, पीएच बदलतात, हायड्रेझिन (क्षारापासून धातू काढणारं रसायन) वाढवतात, तापमान बदलतात, परत बॅच काढतात आणि परत तेच.

माझं म्हणणं सरळ आहे, दहातल्या बहुतेक केसमध्ये सिंथेसिस चांगलं असतं. पावडर फ्लास्कमधून बाहेर आल्यानंतर पहिल्या काही तासांत तिला ऑक्सिजन कसा, किती आणि कोणत्या तापमानाला भेटला यावर तिची आतली रचना ठरते. तेव्हा रेसिपीला हात लावायच्या आधी हे पहिले काही तास तपासा.

ऑक्सिडेशन म्हणजे नुसता वरचा थर नव्हे

लोखंडाच्या गेटला गंज चढतो तसं काहीतरी वरवरचं होत असेल अशी समजूत असते, आणि जाड तुकड्यासाठी ती बऱ्यापैकी चालते. पण १० नॅनोमीटरच्या कणावर २ नॅनोमीटरचं ऑक्साइडचं कवच आलं तर गाभा उरतो ६ नॅनोमीटरचा, आणि ६ चा घन भागिले १० चा घन म्हणजे ०.२१६. म्हणजे कणाचं जवळजवळ ७८ टक्के आकारमान ऑक्साइड झालं. तोच २ नॅनोमीटरचा थर ५० नॅनोमीटरच्या कणावर असेल तर हा हिशोब २२ टक्क्यांवर येतो. त्यामुळे "थोडंसं सरफेस ऑक्सिडेशन असेल" हे वाक्य कणाचा साइज सांगितल्याशिवाय लिहूच नका, त्याला काही अर्थ राहत नाही.

आता आत काय होतं ते बघू. ऑक्सिजन पृष्ठभागावर बसतो, धातूतले इलेक्ट्रॉन पातळ ऑक्साइडच्या थरातून पलीकडे जाऊन त्याला मिळतात, आणि त्यामुळे त्या थरावर इलेक्ट्रिक फील्ड तयार होतं, साधारण नॅनोमीटरला एक व्होल्ट या पट्टीतलं. एवढ्या जबरदस्त फील्डमध्ये धातूचे आयन थंड तापमानालाही बाहेर ओढले जातात. थर जाड होत गेला की फील्ड कमी होतं आणि वाढ जवळपास थांबते. ही कॅब्रेरा आणि मॉट यांची थिअरी, १९४०च्या दशकाच्या शेवटची, आणि आजही नॅनोपार्टिकलसाठी पहिलं गणित तिथूनच सुरू होतं. निकेलचा थर रूम टेंपरेचरला एक-दोन नॅनोमीटरवर येऊन थांबतो. लोखंडाचा जास्त जाड होतो, आणि लोखंडाचे आठ-एक नॅनोमीटरच्या खालचे कण तर साध्या हवेतच पूर्ण ऑक्साइड होऊन पोकळ होतात.

पोकळ का होतात? कारण निकेल, कोबाल्ट, लोखंड, तांबं या सगळ्यांच्या ऑक्साइडमध्ये धातूचा आयन बाहेर जायचा वेग ऑक्सिजन आत यायच्या वेगापेक्षा जास्त असतो. स्टँडवर एसटीतून माणसं भराभर उतरली आणि चढणारे थोडेच असले तर आतल्या सीटा रिकाम्या पडणारच, तसंच. धातू बाहेर गेला की मागे व्हेकन्सी म्हणजे अणूची रिकामी जागा उरते, अशा व्हेकन्सी गोळा होऊन व्हॉइड, म्हणजे पोकळी होते. याला कर्केंडॉल इफेक्ट म्हणतात, १९४७ साली स्मिगेल्स्कास आणि कर्केंडॉल यांनी पितळेवर तांब्याचा थर देऊन आणि मध्ये मॉलिब्डेनमच्या बारीक तारा ठेवून दाखवलं की जस्त तांब्यापेक्षा जास्त वेगाने सरकतं, त्या ताराच हळूहळू आतल्या बाजूला सरकल्या. नॅनोच्या दुनियेत हा इफेक्ट गाजला २००४ साली, बर्कलीच्या ॲलिविसाटोस यांच्या ग्रुपने कोबाल्टचे नॅनोक्रिस्टल सल्फर, सेलेनियम, ऑक्सिजनबरोबर रिॲक्ट करून पोकळ गोळे करून दाखवले तेव्हा. तिथे पोकळपणा मुद्दाम करायचा होता आणि आपल्याला तो नकोय, एवढाच फरक, फिजिक्स तेच.

दोन धातू असले की भांडण वाढतं

एकाच धातूचा कण असेल तर फक्त पोकळ होतो. मिश्रधातू असेल तर पोकळ होता होता त्यातले दोन धातू वेगळे पण व्हायला लागतात, आणि खरी डोकेदुखी ही आहे.

कोण आधी बाहेर पडणार हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, कुणाला ऑक्सिजनची ओढ जास्त. दोन, ऑक्साइडमधून कुणाला पटकन चालता येतं. ओढ बघायची तर ऑक्सिजन अणूंच्या दर मोलला ऑक्साइड तयार होण्याची फ्री एनर्जी अशी (किलोज्यूलमध्ये, रूम टेंपरेचरला, जितकी जास्त उणे तितकी ओढ जास्त): तांब्याच्या क्युप्रस ऑक्साइडला उणे १४६, निकेल ऑक्साइडला उणे २११, कोबाल्ट ऑक्साइडला उणे २१४, क्रोमियमच्या ऑक्साइडला उणे ३५० च्या आसपास, ॲल्युमिनियमला उणे ५२७. म्हणजे तांबं-निकेल असेल तर निकेल ऑक्साइडमध्ये जाणार आणि गाभ्यात तांबं वाढणार, निकेल-क्रोमियममध्ये क्रोमियम बाहेर पडणार, प्लॅटिनम-कोबाल्टमध्ये कोबाल्ट.

निकेल-कोबाल्टची गंमत अशी की २११ आणि २१४ मध्ये काही दमच नाही, दोघे जवळपास सारखे. तिथे दुसरी गोष्ट निर्णायक ठरते. कोबाल्ट ऑक्साइडमध्ये धातूच्या रिकाम्या जागा निकेल ऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यामुळे कोबाल्टचा आयन ऑक्साइडमधून भराभरा पळतो आणि निकेलचा रेंगाळतो. म्हणून कवचात बाहेरच्या बाजूला कोबाल्ट वाढतो आणि गाभा निकेलकडे झुकतो. आणि हे वाटणीचं काम फक्त बाहेर होत नाही. २०१६ साली निकेल-कोबाल्टच्या कणांवर इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने (वेगवेगळ्या कोनांतल्या इमेज जोडून) थ्रीडी काम छापून आलं, त्यात दिसलं की धातूंची फाटाफूट बाहेरच्या पृष्ठभागावर पण होते आणि आत तयार झालेल्या पोकळीच्या भिंतीवर पण. त्याच कामातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा असा की सुरुवातीचा ऑक्साइडचा थर कसा बसला, सलग बसला का तुकड्या-तुकड्यांत बसला, त्यावरून पुढचं ऑक्सिडेशन कोणत्या मार्गाने जाणार हे बदलतं. म्हणजे वर म्हणालो तेच, पहिले काही तास.

आधी तुमचा प्रॉब्लेम कुठला आहे ते ठरवा

इथे लोक गडबड करतात. "ऑक्सिडाइझ झालं" असं एकच लेबल लावतात, पण इमेज नीट बघितली तर त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिघांची कारणं वेगळी.

पहिला प्रकार, गाभा भरीव आणि भोवती एक-दोन-तीन नॅनोमीटरचं सारख्या जाडीचं करड्या रंगाचं कवच. हे साध्या हवेत, साध्या तापमानाला झालेलं ऑक्सिडेशन. याला फार घाबरायचं कारण नाही, उलट नीट बसलेलं असेल तर हेच कवच पुढे संरक्षण करतं.

दुसरा प्रकार, गाभा आणि कवचाच्या मध्ये पांढरी फट. निकेलवाल्या कणात ही फट बहुतेक वेळा एका बाजूलाच असते, चंद्रकोरीसारखी, दुसऱ्या बाजूला गाभा कवचाला चिकटलेला. तांब्याच्या कणात व्हॉइड गाभ्याभोवती पसरलेले दिसतात. अगदी मोठा कण असेल, शंभर नॅनोमीटरच्या आसपासचा, तर एका मोठ्या पोकळीऐवजी अनेक छोट्या पोकळ्या दिसतात. आता नीट लक्ष द्या, २०-३० नॅनोमीटरच्या निकेल-कोबाल्टच्या कणात अशी स्पष्ट फट असेल तर तुमच्या पावडरला कुठेतरी गरम असताना हवा लागलीय. नुसत्या बाटलीत ठेवून निकेलवाला एवढा मोठा कण सहसा पोकळ होत नाही, त्याला दोन-तीनशे डिग्रीच्या घरातलं तापमान लागतं, कॅल्सिनेशन, ॲनिलिंग (दोन्ही म्हणजे भट्टीत तापवणं), नाहीतर गरम पावडरवर अचानक हवा आल्यावर तिने स्वतःच पकडलेली उष्णता. हा शेवटचा मुद्दा लोक धरतच नाहीत. ताजी बारीक धातूची पावडर ऑक्सिजन मिळाला की स्वतः गरम होते, कधी कधी ठिणगी पण पडते. डिशच्या मधोमध पावडरचा ढीग असेल तर तिथलं तापमान ओव्हनच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त जातं. म्हणून एकाच बॅचमध्ये काही कण भरीव आणि काही पोकळ निघतात, ढिगाच्या कडेचे वेगळे आणि पोटातले वेगळे.

तिसरा प्रकार, कणांभोवती पातळ, चुरगळलेल्या कागदासारखे पापुद्रे. हे ऑक्साइड नाहीच, हायड्रॉक्साइड आहे, आणि ते धुताना आलंय. एक्सआरडीत १९ डिग्रीच्या आसपास, ३३ आणि ३८ च्या आसपास बारीक फुगवटे आहेत का बघा. पंचवीस डिग्रीच्या पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो, तुम्ही पाच-सहा वेळा डिस्टिल्ड वॉटरने धुता, मध्ये पावडर ओली तशीच रात्रभर ठेवता, मग हे येणारच.

"पण दादा, एक्सआरडीत तर काहीच दिसत नाही ओ"

हे वाक्य मी ज्युनियरच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की याच्यावर जरा थांबूनच लिहितो.

एक्सआरडीत दिसत नाही याची तीन कारणं. कवच एक-दोन नॅनोमीटरचं असेल तर शेररच्या सूत्राप्रमाणे (स्फटिक जितका लहान तितका पीक रुंद) त्याचा पीक एवढा पसरट होतो की बॅकग्राउंडमध्येच विरघळतो. निकेल ऑक्साइडचे पीक ३७.२, ४३.३ आणि ६२.९ डिग्रीला, कोबाल्ट ऑक्साइडचे साधारण ३६.५, ४२.४, ६१.५ ला. त्यातला ४३.३ वाला निकेलच्या ४४.५ च्या मोठ्या पीकच्या पायथ्यातच लपतो. म्हणून ४३ ला बघू नका, ६२-६३ च्या भागात बघा, तिथे एफसीसी धातूचा कुठलाच पीक नाही, तिथे फुगवटा दिसला तर तो बहुतेक ऑक्साइडचाच.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर कॉपरची ट्यूब असते. कॉपर के-अल्फाची, म्हणजे त्या ट्यूबच्या मुख्य किरणाची, एनर्जी ८.०५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि कोबाल्टची के-एज (हिच्या वरच्या एनर्जीचा किरण पडला की अणू तो शोषून स्वतः किरण सोडतो, तेच फ्लोरेसन्स) ७.७१ ला. म्हणजे तो किरण कोबाल्टला फ्लोरेसन्स करायला बरोबर पुरेसा, आणि सगळं बॅकग्राउंड वर उचललं जातं. निकेलची एज ८.३३ ला आहे म्हणून नुसत्या निकेलला हा त्रास नाही. आता त्या उचललेल्या बॅकग्राउंडमध्ये पसरट ऑक्साइडचा फुगवटा कुठून दिसणार? त्यामुळे कोबाल्ट किंवा लोखंड असेल तर स्कॅन सावकाश घ्या, ६० ते ६५ डिग्रीच्या पट्ट्यात प्रत्येक स्टेपला जास्त वेळ द्या, डिटेक्टरला एनर्जी विंडो लावता येत असेल तर ऑपरेटरला सांगून लावून घ्या. दहा मिनिटांच्या घाईच्या स्कॅनवरून "फेज प्युअर" लिहू नका.

आणि पीक सरकण्याबद्दल. एफसीसी निकेलचा लॅटिस पॅरामीटर (स्फटिकाच्या एका घनाची बाजू) ३.५२४ अँगस्ट्रॉम, एफसीसी कोबाल्टचा ३.५४५. म्हणजे वनवनवन (१११) हा सगळ्यात मोठा पीक निकेलला ४४.५० आणि कोबाल्टला ४४.२२, आख्खा फरक पाव डिग्रीपेक्षा जरासा जास्त. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा पीक ४४.३६ च्या आसपास यायला हवा. कोबाल्ट कवचात निघून गेला की गाभ्याचा पीक ४४.५ कडे सरकतो, ही फाटाफुटीची खूण खरी आहे. पण सॅम्पल होल्डरमध्ये पावडर थोडी वर-खाली भरली तरी एवढाच सरकतो! म्हणून पावडरमध्ये थोडी सिलिकॉनची पावडर मिसळा, तिचा २८.४४ आणि ४७.३० चा पीक जागेवर आहे का बघा, मगच बाकीचं बोला. सिलिकॉन न घालता काढलेल्या शून्य पॉइंट एकच्या सरकण्यावर कुणी आख्खा पॅरेग्राफ लिहिलेला दिसला की मला वाईट वाटतं, मेहनत असते त्याच्यामागे.

ईडीएसचंही तसंच. पूर्ण पावडरचं ईडीएस किंवा आयसीपी (विरघळवून धातूंचं प्रमाण मोजणं) काढलं तर ऑक्सिडेशनच्या आधी आणि नंतर निकेल-कोबाल्टचं प्रमाण तेच येणार, कारण धातू कुठे बाहेर गेलेला नाही, एकाच कणात फक्त जागा बदललीय. फाटाफूट बघायची तर एकेका कणावरून लाइन स्कॅन किंवा मॅप पाहिजे, तेही एचएएडीएफ मोडमध्ये (जड अणूंचा भाग उजळ दाखवणारा टीईएमचा मोड). साध्या टीईएममध्ये मध्यभाग फिकट दिसला की लगेच पोकळ म्हणू नका, कण कसा वळलाय त्यावरून पण कॉन्ट्रास्ट बदलतो. होल्डर थोडा तिरका करून परत बघा, पोकळी असेल तर ती तिथेच राहते. आणि बीमखाली जास्त वेळ एकाच जागी थांबलात तर बीमच कणात बदल करतो, त्यामुळे पहिली इमेज पटकन, कमी डोसवर, आणि नंतर दुसऱ्याच जागेवरची इमेज घेऊन दोन्ही जुळतात का बघा.

टीईएमची वाट न बघता घरच्या घरी करता येणारी तपासणी

टीईएमला आपल्याकडून सॅम्पल कोल्हापूर, पुणे नाहीतर आयआयटी मुंबईच्या सैफला (बाहेरची सॅम्पल पण तपासून देणारं केंद्र) जातं, ठीक आहे, पण तोपर्यंत हातावर हात धरून बसायची गरज नाही. टीजीए (तापवताना वजन किती बदलतं ते मोजणारं मशीन) असेल तर फार काम होतं. निकेलचं निकेल ऑक्साइड होताना वजन २७.३ टक्के वाढतं, कोबाल्टचं कोबाल्ट ऑक्साइड होताना २७.१. मधल्या तापमानाला कोबाल्टचं कोबाल्टोसिक ऑक्साइड होतं, तिथे वाढ ३६ टक्क्यांपर्यंत जाते, पण साडेनऊशेच्या वर ते ऑक्सिजन सोडून परत साध्या कोबाल्ट ऑक्साइडवर येतं. म्हणून हवेत थेट १००० डिग्रीपर्यंत न्या आणि शेवटचा आकडा धरा. पूर्ण धातू असेल तर वाढ साधारण २७.२ टक्के. तुम्हाला २०.४ आली तर २०.४ भागिले २७.२, म्हणजे पावडरच्या वजनातलं ७५ टक्केच धातू आहे, बाकी पंचवीस आधीच ऑक्साइड झालेलं. फक्त ग्लायकॉलचे अवशेष आणि पाणी आधी उडतं त्यामुळे सुरुवातीला वजन घटतं, ते वेगळं काढायला एक रन नायट्रोजनमध्ये करून ठेवा.

व्हीएसएमचं सांगायचं तर निम्म्या-निम्म्या निकेल-कोबाल्टचं मोठ्या तुकड्याचं सॅच्युरेशन मॅग्नेटायझेशन (जास्तीत जास्त चुंबकत्व) ग्रॅमला ११० इएमयूच्या आसपास असायला हवं. ऑक्साइड झालेला भाग रूम टेंपरेचरला जवळपास काहीच देत नाही आणि वर ऑक्सिजनचं वजन पण भागाकारात जातं, त्यामुळे आकडा दोन्ही बाजूंनी मार खातो. नॅनोकणात पृष्ठभागामुळे पण थोडा कमी येतो, म्हणून सगळी घट ऑक्साइडच्या खात्यात टाकू नका. सोय असेल तर फील्ड लावून थंड करा आणि लूप (फील्ड मागे-पुढे करताना मॅग्नेटायझेशनचा आलेख) घ्या. लूप एका बाजूला सरकलेला दिसला तर धातूला चिकटून अँटिफेरोमॅग्नेटिक (शेजारच्या अणूंचं चुंबकत्व उलट दिशांना असलेलं) ऑक्साइड बसलंय हे पक्कं. हा एक्सचेंज बायस १९५६ साली माइकलजॉन आणि बीन यांनी शोधला तोच मुळात ऑक्साइड चढलेल्या कोबाल्टच्या बारीक कणांवर. कोबाल्ट ऑक्साइडचं नील तापमान (ज्याच्या वर हा अँटिफेरोमॅग्नेटिक गुण जातो) २९१ केल्व्हिन, म्हणजे १८ डिग्री सेल्सियस, म्हणून सांगलीच्या खोलीत घेतलेल्या लूपमध्ये हे सरकणं दिसत नाही आणि लोक म्हणतात ऑक्साइड नाही. थंड केल्याशिवाय तो निष्कर्ष काढताच येत नाही.

मग हवा शिरते कुठून

पावसाळ्याचा संबंध दोन बाजूंनी आहे. एक तर आर्द्रता. निकेल-क्रोमियमवर २०१८ साली चालू प्रक्रियेतच मायक्रोस्कोपखाली बघून केलेलं काम आहे, त्यात पाण्याच्या वाफेतून येणारे प्रोटॉन ऑक्साइडमध्ये शिरून व्हेकन्सी तयार व्हायला आणि एकत्र यायला मदत करतात असं निघालं. ते उच्च तापमानाचं काम आहे, आपल्या बाटलीतल्या पावडरला जसंच्या तसं लावू नका, पण गरम पावडर आणि दमट हवा हे कॉम्बिनेशन वाईट हे त्यातून नक्की समजतं.

दुसरी बाजू म्हणजे लाईट. आणि मला विचाराल तर आपल्याकडे पोकळ कणांचं एक नंबरचं कारण हेच असावं. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ६०-८० डिग्रीला पावडर वाळत ठेवली, रात्री पाऊस लागला, लाईट गेली, पंप थांबला. पंपाच्या तोंडाला आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह नसेल तर पंपातून उलटी हवा, कधी कधी तेलाची वाफ पण, सरळ गरम पावडरवर. लाईट आली, पंप परत चालू, सकाळी काट्यावर व्हॅक्यूम एकदम बरोबर, आणि लॉगबुकात लिहिलं जातं "रात्रभर व्हॅक्यूममध्ये वाळवली". यात पोरांची काही चूक नाही, काटा खोटं बोलत नाही, फक्त मधले दोन तास सांगत नाही. उपाय फार महागडा नाही. ओव्हन आणि पंपाच्या मध्ये लाईट गेल्यावर बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह टाका. ते जमत नसेल तर व्हॅक्यूम खेचून ओव्हनचा हातव्हॉल्व्ह बंद करा आणि मगच झोपायला जा, अधूनमधून परत खेचा. आणि ओव्हनशेजारी एक साधं, सेलवर चालणारं तापमान-आर्द्रता नोंदवणारं यंत्र ठेवा, लाईट कधी गेली ते ओव्हनच्या तापमानाच्या रेषेत दिसतंच.

सिलेंडरचं पण बघा. वेल्डिंगवाल्यांना जो आर्गॉन मिळतो तो आणि लॅबला लागणारा ९९.९९९ टक्केवाला यात फरक आहे. कुपवाडच्या एमआयडीसीतून घाईत मागवलेला सिलेंडर कुठल्या ग्रेडचा आहे हे टॅगवर वाचल्याशिवाय लावू नका. आणि चांगला सिलेंडर असला तरी रबराची जुनी नळी सगळा खेळ बिघडवते, रबरातून ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ आरपार येते. लाइनमध्ये शेवटी ऑक्सिजन ट्रॅप आणि ड्रायर लावला तर उत्तम.

काय करायचं, क्रमाने

धुण्याचं पाणी आणि इथेनॉल दोन्हींतून आधी अर्धा तास नायट्रोजन सोडा. शक्यतो पाण्याने कमीत कमी आणि इथेनॉलने जास्त धुवा. सेंट्रिफ्यूजऐवजी मॅग्नेटने खाली बसवता येतं, निकेल-कोबाल्टचा हा मोठा फायदा आहे, झाकण उघडं राहत नाही आणि हवा कमी लागते. प्रोबवाल्या सोनिकेटरमध्ये उघड्या बीकरमध्ये अर्धा तास मारू नका, तिथे हवा पण मिसळते आणि द्रावण तापतं पण.

वाळवायचं ते खोलीच्या तापमानाला, व्हॅक्यूममध्ये किंवा आर्गॉनच्या झुळकीत, पातळ थर पसरून. ढीग नको. गरम वाळवायचंच असेल तर पूर्ण थंड झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

आणि मग सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी बहुतेक जण करतच नाहीत, पॅसिव्हेशन. ऑक्सिजन पूर्ण टाळता येत नाही, कधी ना कधी सॅम्पल उघडावंच लागणार, मग तो पहिला थर आपल्या मर्जीने बसवायचा. आर्गॉनमध्ये एक टक्क्याच्या आसपास ऑक्सिजन असलेलं मिश्रण खोलीच्या तापमानाला काही तास हळू सोडायचं, पावडरमध्ये थर्मोकपल ठेवायचा, तापमान दोन-तीन डिग्रीपेक्षा जास्त चढलं तर ऑक्सिजन बंद करून थांबायचं. नंतर टप्प्याटप्प्याने प्रमाण वाढवायचं. अशाने पातळ, सलग कवच बसतं आणि कॅब्रेरा-मॉटच्या हिशोबाप्रमाणे तिथेच थांबतं. गाभा भरीव राहतो, मिश्रण तसंच राहतं. एकदम हवा सोडली तर पहिल्याच मिनिटात पावडर तापते आणि सुरुवातीच्या थराची घडीच बिघडते, मग पुढे सगळं वेडंवाकडं जातं.

ठेवायचं ते आर्गॉन भरलेल्या काचेच्या कुपीत, सेप्टम (रबरी बूच) आणि वर पॅराफिल्म, आणि कुपी परत सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये. नारंगी जेल हिरवी पडली की बदला, पावसाळ्यात आठवड्याला बघा. कुरिअरने पाठवायचं असेल तर एकाच बॅचच्या दोन कुप्या करा, एक पाठवा आणि एक इथे तशीच ठेवा, रिपोर्ट आल्यावर इथल्या कुपीचा एक्सआरडी आणि टीजीए त्याच दिवशी काढा. दोन्हींत फरक आला तर प्रवासात काहीतरी झालं, नाही आला तर आधीच झालं होतं. ग्रिड (टीईएममध्ये सॅम्पल ठेवायची बारीक जाळी) शक्यतो तिथे पोचल्यावरच तयार करायला सांगा. इथून ड्रॉपकास्ट केलेलं (थेंब टाकून वाळवलेलं) ग्रिड म्हणजे पावडर उघड्यावर पसरून पाठवल्यासारखं आहे.

हायड्रोजनमध्ये परत रिड्यूस करून टाकू का?

हा प्रश्न येतोच. रिड्यूस होतं, धातू परत मिळतो, एक्सआरडी परत छान दिसतो, मॅग्नेटायझेशन पण चढतं, पण आतली रचना परत मिळत नाही. पोकळ ऑक्साइडमधून ऑक्सिजन निघाला की कवच सच्छिद्र होतं, नाहीतर आक्रसतं, आणि शेजारचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. फाटलेले दोन धातू परत सारखे मिसळायला जेवढं तापमान लागतं तेवढ्या तापमानाला नॅनो उरतच नाही. आणि वातावरण बदललं की धातू जागा बदलतात हे तर ऱ्होडियम-पॅलेडियमवर २००८ साली सोमोर्जाई यांच्या ग्रुपने दाखवलंय, ऑक्सिडाइझ करणाऱ्या वायूत ऱ्होडियम पृष्ठभागावर, रिड्यूस करणाऱ्यात पॅलेडियम परत वर. कॅटॅलिस्टसाठी हे वापरून पण घेता येतं. पण तुम्हाला पेपरमध्ये "एकसंध मिश्रधातू" लिहायचं असेल तर हायड्रोजनमधून काढलेल्या पावडरीचा कणागणिक मॅप असल्याशिवाय लिहू नका. शिवाय हायड्रोजन आणि ताजी धातूची पावडर हे काम फ्यूम हूडमध्ये, गळती तपासून, कुणीतरी सोबत असतानाच. निकेलची पावडर कोरडी हाताळताना मास्क आणि ग्लोव्हज, निकेलची धूळ कॅन्सरकारक गटात मोडते, याच्यात हयगय नको.

तरीही प्रॉब्लेम राहिला तर रेसिपीकडे वळा, पण एक गोष्ट करून. फ्लास्कमधून निघालेल्या गरम द्रावणातलाच एक थेंब, न धुता, आर्गॉनखाली थंड करून थेट ग्रिडवर घ्या, आणि तीच बॅच धुवून वाळवून दुसऱ्या ग्रिडवर. पहिल्यातच कण पोकळ किंवा फाटलेले असतील तर दोष सिंथेसिसमध्ये आहे, बहुतेक एक धातू आधी रिड्यूस होतोय आणि दुसरा मागून येतोय, तेव्हा हायड्रेझिन घालायचा वेग आणि तापमान बघा. पहिल्यात भरीव आणि दुसऱ्यात पोकळ असतील तर रेसिपी तशीच ठेवा आणि ओव्हनकडे जा. खाली कमेंटमध्ये विचारताना कणाचा साइज, कुठल्या दोन धातूंचं मिश्रण, वाळवलं कसं आणि किती डिग्रीला, आणि ६० ते ६५ डिग्रीचा एक्सआरडी एवढं टाका, बाकी आपण बोलू.